काळजी घेणे आणि काळजी करणे

बोरिवली वेस्ट, मुलुंड वेस्ट हे शब्द आपण उपनगरातले लोक दिवसातून दहा वेळा उच्चारतो. सोसायटीच्या जिन्याखाली दोन डबे असतात, त्यांना सेक्रेटरी 'वेट वेस्ट' आणि 'ड्राय वेस्ट' म्हणतात. शिंप्याकडे गेलो की तो पँटची 'वेस्ट' मोजतो. आणि आपण ज्याला बनियन म्हणतो त्याला विलायतेत 'वेस्ट' म्हणतात. पश्चिम, कचरा, कंबर आणि बनियन ही चार निरनिराळ्या घरची मंडळी देवनागरीत मात्र एकाच रेशनकार्डावर नांदतात. साहेबाच्या तोंडी त्यांचे तीन वेगळे उच्चार होतात. कचरा आणि कंबर तेवढी ऐकायला सारखी. आपल्या एका 'व'मध्ये त्याची दोन अक्षरे बसतात आणि आपल्या एका मात्रेत त्याचे दोन स्वर. यात आपले काही अडत नाही. मुलुंड वेस्टला जायला निघालेला माणूस कचऱ्याच्या डब्यात जाऊन पडला असे अजून तरी घडलेले नाही.

अडते ते परीक्षेत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उपनगरांत इंग्रजीच्या परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या क्लासांच्या पाट्या अशा वाढल्या आहेत, की पूर्वी टायपिंग आणि शॉर्टहँडच्या इन्स्टिट्यूटही इतक्या नव्हत्या. मुलुंडचा पाच रस्ता घ्या, घाटकोपर स्टेशनबाहेरचा परिसर घ्या, अंधेरीत मेट्रोचा जिना उतरा. आयल्ट्स, ओईटी, टोफेल ही अक्षरे कुठे ना कुठे दिसणारच. एम.एस.साठी निघालेली मुले, कॅनडाला जाऊ पाहणारी जोडपी, आणि परदेशी इस्पितळांत नोकरी धरणाऱ्या नर्सेस, असा त्यांचा विद्यार्थिवर्ग. आयल्ट्समध्ये ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे असे चार भाग. शून्यापासून नवापर्यंत गुण, तेही अर्ध्या-अर्ध्याने चढणारे. फी सतरा-अठरा हजारांच्या घरात आणि निकालाचे आयुष्य दोन वर्षे. त्या दोन वर्षांत जमले नाही, तर पुन्हा पहिल्यापासून.

या परीक्षांचा मूळपुरुष म्हणावा अशी केंब्रिजची प्रोफिशियन्सी परीक्षा १९१३ साली सुरू झाली. पहिल्या वर्षी तीन उमेदवार बसले. बारा तासांची परीक्षा, त्यात भाषांतर, निबंध, उच्चारशास्त्र सगळे. तिघेही नापास झाले. इंग्रजीच्या पेपरात मार खाल्लेल्या कोणाही माणसाने ही हकिगत लक्षात ठेवावी, बरे वाटते.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक नर्स राहते. वय चौतीस, शिक्षण सातारा जिल्ह्यातल्या मराठी शाळेत, नंतर नर्सिंग, आणि गेली अकरा वर्षे एका खासगी इस्पितळात नोकरी. नवरा लॉजिस्टिक्समध्ये, मुलगा दुसरीत. इंग्लंडला जायचे म्हणून तिने आयल्ट्स दिली. तिथल्या नर्सिंग कौन्सिलला वाचणे, ऐकणे, बोलणे यांत ७ आणि लिहिण्यात ६.५ लागतात. हिला तिन्हींत सात-साडेसात मिळाले आणि लिहिण्यात ६. अर्ध्या गुणावरून गाडी सुटली. आता ती ओईटीच्या मागे आहे. ही खास डॉक्टर-नर्स वगैरे आरोग्यक्षेत्रातल्या लोकांसाठीची परीक्षा. फी आयल्ट्सहून बरीच जास्त. निवृत्त बँक अधिकारी आणि वर कादंबऱ्या लिहिणारा माणूस, म्हणजे याचे इंग्रजी चांगले असणार, अशा समजुतीने ती एका रविवारी आमच्याकडे आली. हातात क्लासने दिलेली बारा पानांची झेरॉक्स होती. शीर्षक, 'नेहमी गोंधळ होणारे शब्द'.

ती पाने मी चाळली. अफेक्ट आणि इफेक्ट, प्रिन्सिपल आणि प्रिन्सिपल, स्टेशनरी आणि स्टेशनरी, देअर आणि देअर. (देवनागरीत लिहिले की कोणता कुठला हे कळतच नाही, हीच त्यातली गंमत.) यादी चुकीची नव्हती, पण ती दुसऱ्याच कोणासाठी केलेली होती. जन्मापासून कानाने इंग्रजी शिकलेल्या आणि नंतर लिहायला बसलेल्या मुलांचे हे घोटाळे आहेत. त्यांना उच्चार आधी येतो, स्पेलिंग मागून. आपण पाचवीत फळ्यावर स्पेलिंग आधी पाहिले आणि उच्चार जन्मभर मागून येतो आहे. 'त्यांचे' आणि 'तिथे' यांची स्पेलिंगे मराठी शाळेतला मुलगा सहसा बदलत नाही, कारण छडी खाऊन ती वेगवेगळी पाठ केलेली असतात. बँकेत तीस-पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला तर मुद्दल आणि तत्त्व यांतला फरक सांगावा लागत नाही. मुद्दल बुडते तेव्हा तत्त्व कोणी विचारत नाही.

बँकेतल्या इंग्रजीने या यादीतल्या काही नियमांची फटफजितीही होते. 'अफेक्ट हे क्रियापद, इफेक्ट हे नाम' असे त्या झेरॉक्सवर ठळक अक्षरांत होते. आमच्या पत्रांत मात्र पेमेंट 'इफेक्ट' केले जाई, म्हणजे घडवून आणले जाई, आणि तिथे ते क्रियापदच असे. 'अ‍ॅडव्हाइस' म्हणजे सल्ला, हे शाळेत ठीक. बँकेची क्रेडिट अ‍ॅडव्हाइस हा सल्ला नसतो, खात्यात पैसे जमा झाल्याची सूचना असते. शब्दाचे वजन काय, हे तिथे पहिल्या महिन्यात कळते. चेकवर आकड्यात एक रक्कम आणि अक्षरात दुसरी असेल तर अक्षरी रक्कम खरी धरायची, असे १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचे अठरावे कलम सांगते. आकड्यांचा धंदा, पण शेवटचा शब्द शब्दाचा.

मग मराठी माणसाची यादी कोणती? ती इंग्रजीच्या पुस्तकात सापडणार नाही, कारण ती मराठीत दडलेली आहे. आपल्या एका शब्दात त्यांचे दोन शब्द बसलेले असतात आणि आपल्याला पत्ता नसतो. आपण 'ऐकतो'. आपोआप कानावर पडते तेही ऐकणे, कान देऊन ऐकतो तेही ऐकणे, आणि आईचे म्हणणे मानतो तेही ऐकणेच. इंग्रजीत या तिघांना तीन घरे. 'बघणे'ही तसेच. 'लहान' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धाकटा भाऊही येतो आणि ठेंगणा भाऊही.

तिच्याबरोबर एक जुना सराव-पेपर सोडवताना ही गोष्ट मला नीट दिसली. ओईटीत रुग्णाची टिपणे दिलेली असतात आणि त्यांवरून दुसऱ्या डॉक्टरला किंवा नर्सला १८० ते २०० शब्दांचे पत्र लिहायचे असते. वेळ वाचायला पाच मिनिटे आणि लिहायला चाळीस. तिने रुग्णाच्या पायाला सूज असल्याचे लिहिले, 'लेग'. टिपणात होते 'फूट'. मी विचारले, "पाय म्हणजे नेमके कुठे?" ती म्हणाली, "पाय म्हणजे पाय, काका!" खरेच आहे. आपला पाय मांडीपासून बोटांपर्यंत अखंड. आपला हातही खांद्यापासून नखापर्यंत एकच. आणि बोट तर हातालाही बोट आणि पायालाही बोट. तिकडे मात्र लेग वेगळा, फूट वेगळा, आर्म वेगळा, हँड वेगळा, हाताचे बोट फिंगर आणि पायाचे टो. परीक्षेत यासाठी एखादा गुण जाईल. इस्पितळात त्याच पत्रावरून दुसरा माणूस पट्टी कुठे बांधायची ते ठरवणार आहे.

पण म्हणून मराठी दरिद्री असे कोणी समजू नये. पाऊल आहे, पोटरी आहे, घोटा, टाच, तळवा, नडगी, सगळे आहे. आपणच आळसाने सगळ्याला पाय म्हणतो. मी तिला म्हटले, "आधी मराठीत नेमके सांग, मग इंग्रजीत जा." तिने तसे करून पाहिले, तर निम्मे घोटाळे तिथेच संपले. दुखण्याच्या बाबतीत तर आपली भाषा श्रीमंत आहे. कळ येते, ठणका लागतो, चमक निघते, मुरडा येतो, चुरचुरते, सलते, आग होते. गावाकडची म्हातारी नर्सला हे अचूक सांगते आणि नर्सही अचूक समजते. मग कागदावर मात्र सगळ्याचे एकच 'पेन' होते. ठणक्याला थ्रॉबिंग आहे, आगीला बर्निंग, चुरचुरण्याला स्टिंगिंग आणि चमकेला शूटिंग. (अंधेरीच्या माणसाला शूटिंग म्हटले की स्टुडिओच आठवणार, पण त्याला इलाज नाही.) मराठीतल्या प्रत्येक दुखण्यापुढे तिने इंग्रजी शब्द लिहून काढला. ते पान क्लासच्या बारा पानांपेक्षा उपयोगी ठरले, असे माझे मत आहे आणि तिचेही.

सगळ्यांत अवघड निघाला तो 'काळजी' हा शब्द. आई मुलाची काळजी घेते आणि आई मुलाची काळजी करते. क्रियापद बदलले की अर्थ बदलतो, पण शब्द तोच राहतो. जणू आपल्याकडे काळजी करणे हा काळजी घेण्याचाच एक भाग आहे. इंग्रजीत एक 'केअर' आणि दुसरे 'वरी', दोघांचा परस्परांशी संबंध नाही. बोलण्याच्या परीक्षेत घाबरलेल्या रुग्णाला धीर द्यायचा असतो. तिथे ती बोलून गेली, "डोन्ट टेक टेन्शन." टेन्शन घेऊ नका! मुंबईत या तीन शब्दांनी भल्याभल्यांचे रक्तदाब उतरले आहेत. पण टेन्शन हे काही घ्यायचे किंवा न घ्यायचे असते, हे इंग्रजी जाणणाऱ्याला ठाऊक नाही.

आणि इथेच गोंधळाच्या शब्दांचा खरा कारखाना आहे. जे शब्द आपण इंग्रजी म्हणून वापरतो पण जे केव्हाच मराठी झालेले आहेत, त्यांच्याइतका धोका कोणाचाच नाही. 'मला बीपी आहे', 'यांना शुगर आहे', असे आपण सांगतो. बीपी तर प्रत्येक जिवंत माणसाला असतो, आणि शुगर डब्यात. 'लाइट गेली' म्हणजे वीज गेली. जिथे झोपायची सोय नाही अशा उडप्याच्या 'हॉटेलात' आपण डोसा खातो. सज्जाला 'गॅलरी' म्हणतो. ऑफिसात 'कृपया रिव्हर्ट करा' म्हणजे उत्तर पाठवा. मूळ अर्थाने पाहिले तर पूर्वस्थितीला जा. सरावाच्या मुलाखतीत हिने सांगितले, की मी अमुक साली नर्सिंग कॉलेजातून 'पास आउट' झाले. विलायतेतल्या सामान्य माणसाला ऐकू येईल की ही बाई त्या साली कॉलेजात चक्कर येऊन पडली. नर्सने तरी असे सांगू नये!

उपनगरातल्या घरोघरी आढळणारा आणखी एक नमुना 'लिव्ह अँड लायसन्स'चा. जागा भाड्याने देताना जो करार करतात त्याचे हे नाव. पुष्कळांना वाटते की हा लिव्ह म्हणजे राहणे, राहायचा परवाना. काहींना वाटते सोडून जाणे. अकरा महिन्यांनी सोडायची जागा. दोन्ही अर्थ व्यवहाराला इतके धरून आहेत की खोडावेसे वाटत नाहीत. प्रत्यक्षात इथला लिव्ह म्हणजे रजा, अनुमती; आपण नोकरीत जी रजा घेतो तीच. भाड्यावरून आठवले. इंग्रजीत 'मी फ्लॅट रेंट केला' म्हटले तर मालक बोलतो आहे की भाडेकरू, हे नुसत्या वाक्यावरून सांगता येत नाही. मराठीत भाड्याने दिला किंवा भाड्याने घेतला. इतके स्वच्छ. त्याच जोरावर लेंड आणि बॉरोचा तिढा सुटतो: एक उसने देणे, एक उसने घेणे. अशा ठिकाणी मराठी ही अडचण न राहता किल्ली होते.

अशी सगळ्यांत मोठी किल्ली आपल्या क्रियापदांत आहे. पडणे-पाडणे, निजणे-निजवणे, वाढणे-वाढवणे, उठणे-उठवणे, शिकणे-शिकवणे. आपोआप होते ते एक आणि कोणीतरी करते ते दुसरे, हा भेद मराठी मुलाला चौथ्या वर्षी बोलता बोलता येतो. राइझ आणि रेझ, लाय आणि ले, हा इंग्रजी परीक्षांतला हमखास सापळा म्हणजे दुसरे काही नाही. व्याजदर वाढला तो राइझ. रिझर्व्ह बँकेने वाढवला तो रेझ. रुग्ण निजला आहे ते लाय. रुग्णाला निजवा ते ले. आता निजणेचा भूतकाळ नेमका निजवणेच्या वर्तमानकाळासारखा दिसतो, ही इंग्रजीची खोड आहे आणि तिथे मात्र घोकण्यावाचून गत्यंतर नाही. पण ही मराठी जोडी कोणत्या क्लासात सांगतात? मी ज्या चार-पाच जणांना विचारले त्यांना कोणीही सांगितली नव्हती. उलट सगळीकडे एकच उपदेश: इंग्रजीत विचार करा.

मला हा उपदेश पटत नाही. चौतीस वर्षांची बाई, रात्रपाळीला दोन वाजता घरी तापाने फणफणलेल्या पोराचा विचार करते तो मराठीतच करणार. परीक्षेसाठी तिने विचारांची भाषा बदलावी, ही अपेक्षा निष्ठुर तर आहेच, शिवाय निरुपयोगी आहे. आमच्या आधीच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढल्या. मराठी वाक्य द्यायचे, इंग्रजी करायचे. इंग्रजी द्यायचे, मराठी करायचे. ती पद्धत कंटाळवाणी होती हे खरे, पण दोन भाषांच्या सीमेवर कुंपण कुठे आहे आणि खिंडार कुठे आहे हे तीत कळत असे. पुढे भाषांतर जुनाट ठरले. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. वर्षे वाढली आणि तुलना मात्र गेली. लहान पोराला नुसत्या कानाने भाषा येते, त्याला तुलना नसली तरी चालेल. ज्याच्या पदरी एक सबंध भाषा आहे त्या प्रौढाला ती बाहेर ठेवून वर्गात यायला सांगणे, हे मला तारण असूनही कर्ज नाकारण्यासारखे वाटते.

उलट्या बाजूने हाच प्रवास केलेल्या साहेबांनी ही चूक केली नव्हती. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा. त्यानेच आरंभलेला इंग्रजी-मराठी कोश कँडीने १८४७ साली पुरा केला. मराठीत विरामचिन्हे रुजवण्याचे श्रेय ज्याला देतात तोच हा कँडी. हे लोक मराठी शब्दापुढे एक इंग्रजी शब्द ठेवून मोकळे झाले नाहीत. पंडितांना घेऊन बसले, एकेका शब्दाचे व्यवहार विचारत राहिले, आणि अर्थापुढे अर्थ मांडत गेले. आजच्या क्लासांच्या यादीत शब्दांच्या जोड्या असतात. त्यांच्या कोशात शब्दांचा संसार आहे.

'लागणे' या क्रियापदाचा संसार पाहा. भूक लागते, ठेच लागते, वेळ लागतो, झोप लागते, दिवा लागतो, नंबर लागतो, निकाल लागतो. पोराला नोकरी लागते, चहा गोड लागतो, दूध तळाला लागते, बस मुलुंडला लागते. ती तुमची कोण लागते, हेही विचारतात. यातल्या जवळजवळ प्रत्येक लागण्याला इंग्रजीत निराळे क्रियापद. केंब्रिजच्या वरच्या परीक्षांत उताऱ्यातली जागा रिकामी ठेवून चार जवळजवळचे शब्द देतात आणि नेमका कोणता बसतो ते विचारतात. शब्दाचा अर्थ येऊन भागत नाही, त्याची सोयरीक कोणाशी जुळते ते ठाऊक लागते. तिथे 'लागणे'चे पान स्वतः तयार केलेला विद्यार्थी नुसती यादी पाठ करणाऱ्याच्या पुढे जाईल, याबद्दल मला शंका नाही.

आमच्या नर्सने ते पान केले आहे. दोनशे पानी वही आहे. डाव्या पानावर मराठी वाक्य, उजव्या पानावर इंग्रजी. वाक्ये तिच्याच वॉर्डातली, तिच्याच तोंडची. टाच आणि जखम भरणे, हे इंग्रजीत ऐकायला एकच आणि लिहायला दोन, ही जोडी तिला एका रुग्णाच्या टाचेवरच्या जखमेने शिकवली. ती आता चुकणार नाही. ऐकण्याच्या पेपरात स्पेलिंग चुकले की आयल्ट्सवाले गुण कापत, त्याची धास्ती अजून तिच्या मनात आहे. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. नवऱ्याने पैसे भरले आहेत. मुलाला वर्षभर आजीकडे ठेवायचे की बरोबर न्यायचे, यावर घरात अजून एकमत नाही.

परवा रात्री पाळीवरून येताना ती वही घेऊन थांबली. 'लागणे'च्या पानावर खाली एक ओळ होती, तिच्यासमोरची जागा कोरी. "काका, 'मन लागत नाही' याला काय लिहू?" मी सांगितले, जवळचा शब्द होमसिक. तिने तो लिहिला, मग थोडा वेळ पाहत राहिली. "यात सिक कशाला?" ती म्हणाली, "आजारी थोडीच आहे मी." पण खोडला नाही, पुढे कंसात प्रश्नचिन्ह काढले आणि वही मिटून वर गेली.